पेतिमातच्या गावच्या खुणा

६ ऑक्टोबर, क्रॉयडन

अखेर भूगोलानं पोटाला लावलं! "नकाशे पाठ करून काय दिवे लावणार?" असं विचारणारे सगळे नातेवाईक आज ट्रॅममध्ये माझ्या शेजारी बसायला हवे होते.

कंपनी छोटी, खासगी. या देशात आसरा मागायला येणारी माणसं जिथली म्हणून सांगतात तिथलीच आहेत का, हे आम्ही तपासायचं. विचारायचं काय, तर नदी कुठली, डोंगर कुठला, पाणी कुठून भरता, देवस्थान कुठे, शेजारी कोण. उत्तरं नकाशाशी आणि नोंदींशी ताडायची आणि अहवाल वर पाठवायचा. काम शिकवणारी शशी लंडनमधल्या पिनरची, तिथेच जन्मलेली. मराठीची तिला फार हौस. "तो माहिती खूप इझी आहे, यू विल बी फाइन," असं म्हणून तिनं मला खुर्ची दिली.

संध्याकाळी भोरला वडिलांना, अण्णांना फोन केला. निवृत्त झाले तरी मास्तर ते मास्तरच. त्यांनी माझीच परीक्षा घेतली. मी घडाघडा सांगितलं: मागे नीरा, समोर रोहिडा, पाणी पिंपळाच्या विहिरीचं, वळणावर मारुती, शेजारी लीलावतीकाकू. अण्णा म्हणाले, पास! माझा नवरा जय शेजारी नुसता हसत होता.

१४ ऑक्टोबर

माझ्या वाट्याला कॉकेशस आलाय. सोव्हिएत काळातले नकाशे मोठ्या पडद्यावर उघडले की मला जेवणाचीही शुद्ध राहत नाही. चेचेन-इंगुश स्वायत्त प्रजासत्ताक म्हणजे खाली सपाटी, सुंझा नदी, ग्रोझनी शहर, आणि वर दगडी मनोऱ्यांची गावं, एकेक कड्याला चिकटलेलं. १९४४च्या फेब्रुवारीत तिथल्या सगळ्या लोकांना गुरांच्या डब्यांत कोंबून कझाकस्तानला नेलं आणि प्रजासत्ताकच पुसून टाकलं. वाचून वाईट वाटलं. पण ते खातं इतिहासाचं, माझं भूगोलाचं. पान उलटलं.

२३ ऑक्टोबर

आज माझी पहिली स्वतंत्र मुलाखत. पेतिमात, वय एकाहत्तर, डोक्याला करडा रुमाल. गाव विचारलं तर डोंगरातलं, गालांचोजच्या बाजूचं सांगितलं. मग डोळे मिटून दुभाष्यामार्फत बोलत राहिली. नदी पांढरी, ती गावाच्या डावीकडून वाहते. मनोऱ्यामागचा झरा भर उन्हाळ्यातही दात शिवशिवतील इतका गार. शेजाऱ्यांची तर तीन पिढ्यांची नावं सांगितली.

माझ्या नकाशावर तिथे गावच नाही! आणखी खोदून विचारलं तर बाई जन्मलीच कझाकस्तानात. त्या गावात तिचं पाऊलही पडलेलं नाही. आई रोज संध्याकाळी म्हणून घ्यायची, म्हणे. म्हणजे चक्क पाठांतर. प्रत्येक उत्तरापुढे "जुळत नाही" लिहिलं आणि शेवटी निष्कर्ष: "या व्यक्तीचं तिथे कोणी नाही, काही नाही." शशीनं पाठ थोपटली. जाताना पेतिमात माझ्याकडे रागानं बघेल असं वाटलं होतं. तिनं फक्त माझा हात हातात घेतला आणि सोडला.

२ नोव्हेंबर

अण्णा फोनवर सांगत होते, अवकाळी पावसानं नदीला पाणी चढलंय. मी विचारलं, कुठली नदी? ते हसले, मीही हसले. पण मला खरंच आठवेना. फोन ठेवून नकाशात बघितलं. नीरा. नाव वाचलं आणि काहीच झालं नाही, कुठल्याही परक्या नदीचं वाचावं तसं.

९ नोव्हेंबर

जयनं जुने फोटो काढले होते. एका गडावर मी उभी आहे, केस उडतायत. हा कुठला, असं मी विचारलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. रोहिडा, म्हणाला. मी शंभरदा चढलेय म्हणे.

१७ नोव्हेंबर

विहीरही गेली. आमच्या घरी पाणी कुठून यायचं ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात ताण आहे. पण नदी, डोंगर, पाणी, हाच माझ्या प्रश्नांचा क्रम आहे!

तेव्हा उलटलेलं ते पान आज परत वाचलं. १९५७ साली लोकांना परत येऊ दिलं, प्रजासत्ताकही परत मांडलं, पण डोंगरातल्या त्या वरच्या गावांत राहायला बंदीच ठेवली. मग नकाशावर गाव येणार कुठून? आईच्या तोंडूनच येणार. माझी मला लाज वाटली, रडू आलं. अहवाल नव्यानं लिहिला, सगळ्यापुढे "जुळतं" लिहिलं आणि शशीकडे धावले. ती म्हणाली, केस क्लोज झाली, त्या लेडीला मागच्या वीकमध्येच फ्लाइटवर बसवलं.

२८ नोव्हेंबर

वळणावर काय होतं? काहीतरी शेंदरी —

दुपारी एका बाईंचा फोन. कशी आहेस गं बाळा, म्हणाल्या. मी विचारलं, आपण कोण बोलताय? त्या रडायला लागल्या. जय म्हणतो, लीलावतीकाकू. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं.

पाचही प्रश्न झाले. आता संपलं असेल ना? पण अहवालात त्याखाली निष्कर्ष आहे. तिथे कोणी नाही.

अण्णा पुढच्या शनिवारी येतायत, काळजीनं. अण्णा मला आठवतात. त्यांचा खोकला, बोटांवरचा खडू. सारखी घोकतेय. अण्णा, खोकला, खडू. देवा, एवढं राहू दे.

६ डिसेंबर, दुपार

जय विमानतळावरून एका म्हाताऱ्याला घेऊन आलाय. स्वयंपाकघरात बसवलंय. म्हणतो, तुझे वडील.

मला भीती वाटतेय. वही घेऊन समोर बसलेय. विचारलं, नदी कुठली? डोंगर? म्हातारा सगळं बरोबर सांगतोय. पण नकाशा बघून कुणीही —

त्याला खोकला येतोय. पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं.

तो रडत नाही. मला अक्षू म्हणतो. कोणी सांगितलं याला?

मी लिहिलं. जुळत नाही.

जय ओरडतोय. म्हातारा त्याला थांबवतोय. माझ्यासमोर खाली बसला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणतो, बरं, मी कोणी नाही, चालेल. पण बाळा, तू कुठली? तेवढं सांग, मी तुला तिथे पोचवतो —

सांगते. सोपं आहे. मी —

माझं —