कलम सात आणि नॉटपेड पत्रं

अमरावती, १९ मे १९६८, रविवार
टपालाचे नवे दर लागू झाले. कार्ड सहाचं दहा पैसे, अंतर्देशीय दहाचं पंधरा. बार रूममध्ये सगळे वकील रडत होते, मी एकटा खूश. खातं तोट्यात आहे आणि कायदा अठराशे अठ्ठ्याण्णवचा. नुसते दर वाढवून काय होणार? ठराव: टपाल खातं सुधारण्याचं विधेयक मी स्वतः ड्राफ्ट करणार. पंधरा कलमं. महिनाअखेर खासदारांच्या हातात.
चारूचं पत्र नाही.

२१ मे, सकाळी ६
एकही कलम झालं नाही. चारूला जाऊन महिना झाला, हा विचार मध्ये येतो. अकोटकडे, हिवरखेडच्या पलीकडे एका खेड्यात शाळेवर आहे. सुट्टीतही तिकडेच राहिली. कारण त्याच शाळेतला देवमन मास्तर. त्याच्याशी लग्न करायचं म्हणते. बौद्ध आहे. मी जातपात मानत नाही हे अख्ख्या बारला ठाऊक आहे. मी नाही म्हटलेलंच नाही. एवढंच म्हटलं की असल्या गोष्टी तोंडी होत नसतात. रीतसर लेखी विचार. ती म्हणाली, "बाबा, मी तुमची मुलगी की पक्षकार?" आणि एस्टीत बसली. तरी मी खिडकीतून अंतर्देशीयांचा गठ्ठा दिला. पंचवीस. प्रत्येकावर माझा पत्ता, माझ्या अक्षरात. तिची आई असती तर तिलाही एवढं सुचलं नसतं.
लेखी आलं की लगेच हो म्हणणार. उत्तर तयार आहे: "प्रिय चारू, तुझा अर्ज पोचला." 'अर्ज' खोडून 'पत्र' केलं.

२४ मे
कलम सात झालं. बाकीची चौदा त्याच्यापुढे किरकोळ. नॉटपेड पत्रं. तिकीट कमी लावणार पाठवणारा, आणि दुप्पट भुर्दंड घेणाऱ्याला, हा कुठला न्याय? पोस्टमन दारोदार पैसे मागत उभा. खात्याचा वेळ जातो. म्हणून: नॉटपेड पत्र घेणाऱ्याला न दाखवता परत करावं.
सुधारणा घरापासून. बुधाजी पोस्टमनला सांगितलं, माझ्याकडे नॉटपेड आणायचं नाही, लेखी देतो. तो म्हणाला, "पाहून तं घ्या जी. कोनाचं हाय ते समजल्याशिवाय कसं वापस करू?" म्हटलं, समजलं की मोह होतो. मोहामुळेच खातं बुडालं. चिठ्ठी लिहून दिली, सही केली.

२९ मे
बुधाजी फाटकाशी घुटमळला. नॉटपेड आलंय, हिवरखेडकडचं हाय, म्हणाला. मी हात वर केला. तिकडच्या माझ्या जुन्या पक्षकाराचं, खुशालरावाचं असणार. बांधाचा दावा हरल्यापासून मला शिव्या लिहून पाठवतो. शिव्या त्याच्या आणि दहा पैसे माझे? परत.
चारूचं पत्र नाही. विचार करत असेल. अर्जाला वेळ लागतो.

२ जून
भागीरथाबाई पोळ्या करतात, सल्ला फुकट. आज म्हणाल्या, "भाऊ, जाऊन या न एस्टीनं. पोरगी हाय ते, कोरट नाई." सांगितलं, की आधी तिचं पत्र यायला पाहिजे, तत्त्वाचा प्रश्न आहे, प्रिन्सिपलचा. त्या म्हणाल्या, "मंग प्रिन्सिपललेच वाढते ताट." संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.
ठराव: १० जूनपर्यंत पत्र आलं नाही तर जाईन.

७ जून
आणखी एक नॉटपेड, पुन्हा तिकडचंच. बुधाजीने कमाल केली. म्हणाला, "दहा पैसे मी भरतो जी. तुमी फक्त पत्त्याचं अक्षर पाहा." सरकारी नोकराने पत्र घेणाऱ्याच्या वतीने पैसे भरणं! पुन्हा बोललास तर पोस्टमास्तरांना कळवीन, असं बजावलं. मान खाली घालून गेला. नंतर वाटलं, आवाज जरा चढला. पण कायदा हळू आवाजात शिकवता येत नाही.

११ जून
काल गेलो नाही. तारीख होती. पक्षकार आला नाही, पण तारीख होती.

१५ जून
विधेयक पूर्ण. फेअर कॉपी खासदारांना रजिस्टर्ड. चारूच्या बाबतीत एक शंका: पत्रं वाटेत हरवत असतील का? ती लिहीत नाही असं होणार नाही. अकोट ते अमरावती टपालात कुठेतरी घोळ आहे. तशी पुरवणी जोडायला हवी होती.

२१ जून
आज बुधाजी फाटकावरून सरळ पुढे निघाला. मीच विचारलं, नॉटपेड होतं का? म्हणाला, "होतं. गेलं वापस तुमच्या कायद्यानं." माणूस तयार होतोय.
खासदारांच्या सेक्रेटरीचं कार्ड: सूचना मिळाल्या. दोन शब्द, दहा पैसे.

३ जुलै
बुधाजीने पेढे मागितले. कशाचे? "ताईचे न जी. आईतवारी अकोटले विहारात लगन झालं. माही साळी तिकडंच राह्यते, जाऊन आली. तुमी नाई दिसले म्हणे." मग म्हणाला: "तिन्ही पत्रं ताईचीच होती, साहेब. आत तिचं, वर तुमचं अक्षर. दहा पैशाचा जुना कागद. म्हणून तं म्हणत होतो, पाहा."
म्हटलं, मला कल्पना होती. पेढ्यांसाठी पाच रुपये पुढे केले. त्याने घेतले नाहीत.

६ जुलै, शनिवार
पहाटेच्या एस्टीने गेलो. शाळेत हेडमास्तर भेटले. दोघांची बदली झाली, मेळघाटाच्या पायथ्याला, गुरुवारीच गेले. गावाचं नाव त्यांनी आपणहून कागदावर लिहून दिलं. चहा मागवला. म्हणाले, "बाईंनी वडिलांना तीनदा लिहिलं हो. पहिलं वापस आलं तेव्हाच मी म्हटलं, जुना कागद आहे, वरून पाच पैशाचं तिकीट लावा. ऐकेनात. म्हणे, माझ्यासाठी बाबांना दहा पैसे जड होतात का तेच पाहायचं आहे. तिसरं वापस आलं त्या दिवशी लग्नाची तारीख धरली. तुम्ही त्यांचे कोण?"
म्हटलं, लांबचा नातेवाईक. चहा निम्मा राहिला.

७ जुलै, संध्याकाळ
पंधरा पैशांचं अंतर्देशीय. मजकूर चार ओळी. मसुदा न करता लिहिला. चिकटवलं. पत्ता घालायला घेतला. सौ. चारुशीला देवमन. इथे थांबलो.
आडनाव माहीत नाही. कधी विचारलंच नाही. आडनाव न विचारणं हा मी मोठेपणा समजत होतो.
बुधाजीला माहीत असणार.

८ जुलै, सकाळी ११
बुधाजी आला. फाटकाशी गेलो. विचारायचं ठरलं होतं. आपल्या जावयाचं आडनाव काय, हे कोणत्या शब्दांत विचारतात?
म्हटलं, आज काही नाही का?
"नाई जी," म्हणाला, आणि सायकलवर बसला.