चाळीचा ताल

मोंतेविदेओ, ता. १० डिसेंबर १९८५

चि. निकासियास,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण, एका गोष्टीने माझी झोप उडाली आहे. चाळीतला आपला जुना ढोलवाला सिप्रियानो म्हणतो, लष्कराचं राज्य गेलं, आता सहा जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या आपल्या काळ्या राजाच्या सणाला, चाळ होती तिथे सगळ्यांनी ढोल घेऊन जमायचं. सुरुवात माझ्या मोठ्या ढोलाने. मी विचारलं, लष्कराने चाळ पाडून सात वर्षं झाली, माणसं ट्रकांत घालून गावाबाहेर नेऊन टाकली, आता येणार कोण? तर म्हणाला, तू म्हातारा झालास, तुझी काळजी अजून तरुण आहे.

काल जाऊन पाहिलं. तिथे आता मोटारी उभ्या असतात. पहारेकऱ्याने हटकलं, मी टोपी काढून मुकाट परत आलो. पण खरी भीती वेगळीच आहे. आपली माणसं सात वर्षं परक्या वस्त्यांत परके ताल वाजवतात. चाळीचा ताल कुणाच्या हातात राहिलाच नसेल तर? तो मेला हे मीच चारचौघांत जाहीर करायचं का? नाही म्हणून कळवावं असं वाटतं. तुझं मत लिही. गुडघ्यांना तेल लावत जा. म्हाताऱ्या भावावर माया असू दे.

तुझा दादा,
हिलारियो

दुरास्नो, ता. १९ डिसेंबर १९८५

तीर्थस्वरूप दादास,

सा. न. वि. वि. नाही म्हणून कळवलंस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

ताल पुरुषांच्याच हातात राहतो हे तुला कुणी सांगितलं? चाळीच्या अंगणात आम्ही बायका गोऱ्यांच्या चादरी त्याच तालावर आपटत होतो. अजूनही माझा हात तसाच पडतो, सून हसते. आपल्या पणजीला जहाजातून आणून विकलं. नाव मालकाने दिलं, आडनावही त्याचंच, तेच आपण आजवर लिहितो. तिचं स्वतःचं म्हणून एवढा ताल उरला. तो तू एका पहारेकऱ्याला भिऊन टाकणार का?

ह्यांचा लहान ढोल बसने पाठवते आहे. ह्यांच्यामागे मी त्यात कांदे ठेवत होते, वास येईल, नाक मुरडू नकोस. कातडं ताणायला शेकशील तेव्हा शेकोटीपासून लांब धर. माझ्या लग्नात सगळ्यांचे ढोल राखता राखता स्वतःचा जाळून बसला होतास, आठवतं ना? मला प्रवास झेपणार नाही. सगळं सविस्तर कळव. राग धरू नकोस, लोभ धर.

तुझी धाकटी,
निकासिया

मोंतेविदेओ, ता. ८ जानेवारी १९८६

चि. निकासियास,

अनेक आशीर्वाद. आधी वाईट ते सांगतो. तू लिहिलंस तेच पुन्हा झालं.

परवा उन्हं कलल्यावर कोपऱ्यावर रद्दी आणि खोकी पेटवली. आम्ही अवघे पाचजण. ढोल शेकायला लावले. याचा मागे घे, त्याचा फिरव, असं मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो आणि पाठीमागे माझ्याच मोठ्या ढोलाचं कातडं फाटलं. सिप्रियानो म्हणाला, निकासियाला कळलं तर ती चालत येईल हसायला. मला हसू आलं नाही. टोपी घातली आणि घरी निघालो.

जाताना तू पाठवलेला फेर्मिनचा ढोल उचलला. कांद्याचा वास आला आणि तुझे धुण्यावरचे हात डोळ्यांपुढे उभे राहिले. लहान ढोलाने कधी कुणी सुरुवात करत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी केली. तू चादर आपटायचीस तशीच थाप टाकली. सिप्रियानो आधी बघतच राहिला, मग मिसळला.

थोड्या वेळाने समुद्राकडच्या गल्लीतून उत्तर आलं. मला वाटलं भिंतीवरून आपलाच आवाज फिरतोय. मग वरच्या गल्लीतून आलं, मग मागून. निकासिया, तो चाळीचाच ताल होता. गावाबाहेर टाकलेली आपली माणसं गल्ल्यागल्ल्यांतून वाजवत येत होती. कुठून सुरू होतंय हे ऐकायला ती आडोशाला थांबली होती म्हणे. आम्ही कोपऱ्यावर मावेनासे झालो, तेव्हा पहारेकऱ्याने आपणहून फाटक उघडलं. मोटारींमधून वाट काढत आम्ही धुण्याच्या जागी गेलो. म्हाताऱ्या बायका तिथे नेमक्या आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि नाचल्या. तुझी जागा कुणी घेतली नाही.

माझी बोटं फुटली. ढोलावर रक्त लागलं आहे, ते पुसलेलं नाही, रागावू नकोस. ढोल परत पाठवत नाही, कांदे टोपलीत ठेव.

पुढच्या सहा जानेवारीला मी स्वतः येऊन तुला घेऊन जाईन. आतापासून एकच काळजी लागली आहे, इतकी माणसं उभी करायची कुठे?

तुझा दादा,
हिलारियो