आईच्या पानफुटीला लागलेल्या घंटा

उमरी, १४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पुनमला अ. आ.

चांगलं पान तू ठेवलंस अन् किडकं मला धाडलंस, हे साफ लिहून राहिले. फोनवर बोललं की आई तुझ्या शेजारी बसून ऐकती, म्हून कागद. चौथी शिकलेय, तेवढं तुला झापायला पुरतंय.

एकाच पानफुटीची दोन पानं देऊन आई म्हणाली होती, जिच्या अंगणात हिला फुलांच्या घंटा लागतील तिच्याकडं हिवाळा काढीन. तुझ्याकडं दोन साल झुंबरावानी फुलं लोंबतेत. माझं झाड चिंचेच्या सावलीत कमरेपातुर वाढलं, पण एक घंटा न्हाई! आई दोन हिवाळे औशात. मी काय सावत्र हाय?

शेणखत घातलं. आई आली की न्हाणीकडं जाताना अडखळू नये म्हून झाडाच्या डोक्यावर दोन सालापासनं मोठा बल्बसुदा लावलाय, रातभर जळतो. तुझे दाजी म्हणतेत, पाखरं झोपंना झालीत.

खरं काय ते कळव. लोभ आटत चाललाय, ध्यानात घे.

तुझी अक्का, केवळाबाई

औसा, २२ ऑक्टोबर २०२४

ती. केवळाक्कास सा. न. वि. वि.

अक्का, उलट मोठं पान तुलाच दिलं होतं. तुझं गाऱ्हाणं मी रोपवाटिकेतल्या सिद्रामप्पांना सांगितलं. ते म्हणाले, पानफुटीला दिवसा सावली चालते, पण कळी धरायला थंडीतली लांब, काळोखी रात्र लागते. तुझ्या बल्बानं तिला रात्रच होऊ दिली नाही. आधी तो काढ!

आई इथल्या घंटांकडं बघते आणि रोज विचारते, केवळीच्या झाडाला लागल्या का?

लोभ असू दे, रागासकट चालेल.

तुझी पुनम

उमरी, ८ जानेवारी २०२५

चि. सौ. पुनमला अ. आ.

माझी चूक झाली. एकदाच लिहिते, पुन्हा मागू नको.

बल्ब काढला. अंधारात तुझे दाजी दोनदा बादलीला धडकले, पण फुलांचा दांडा निघाला अन् आता एकतीस घंटा लोंबून राहिल्या! शेजारची भामाबाई रोज हात लावून बघती, तिला हाकलून दमले. सोबत एक घंटा धाडलीय, आईच्या हातात दे. न्हाईतर म्हणंल, केवळी थापा मारती.

आता नवीच पंचाईत. आई आली अन् बल्ब लावला तर पुढच्या साली घंटा न्हाईत. घंटा न्हाईत तर आई न्हाई. म्हून मी ठरवलंय, बल्ब लावायचा न्हाई. रातचं मीच उठून तिचा हात धरून न्हाणीला नेईन. पण तिला हात धरलेला खपत न्हाई, तुला ठावं हाय.

हात धरू देणार का, तेवढं इचार अन् संक्रांतीच्या आत कळव. हाव म्हणाली तर दुसऱ्या दिवशी दाजी जीप घेऊन दारात. न्हाई म्हणाली तरी येतेतच.

लोभ हाय. आईला धाड, मग वाढंल.

तुझी अक्का, केवळाबाई