अमेरिकेला जाणाऱ्याचं शिफारसपत्र

७ जुलै १९९६, रविवार. रात्री ११.१०
निर्णय झाला. अर्थशास्त्रात पीएच.डी., अमेरिकेत, पुढच्या ऑगस्टपासून. इथे माझी किंमत कोणाला नाही. वाशीच्या कॉलेजात पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, म्हणजे सुट्टी लागली की मी कोणाचा कोणी नाही. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा दोनदा बुडली. त्या पेपरात विचार करणाऱ्या माणसाला जागाच ठेवलेली नसते.

जयमालाला सांगितलं. मेथी निवडता निवडता म्हणाली, जा ना, पण या वेळी फॉर्म तेवढा भरा. बायकोचा विश्वास हा मोठाच आधार.

रात्री तिचा भाऊ दिलीप जेवायला. रबाळ्याला तो काम करतो त्या कारखान्यात पर्चेसमध्ये जागा आहे म्हणे. एप्रिलपर्यंत धरून ठेवतो, सुधीरराव, त्यापुढे माझ्या हातात नाही, असं म्हणाला. बहीण-भावांचं परस्पर ठरलं : एप्रिलपर्यंत ॲडमिशन झाली तर अमेरिका, नाही तर रबाळे. मला कोणी विचारलं नाही.

९ जुलै
रोज पाचला उठून गणित. आज सव्वाआठला उठलो. उद्यापासून.

१४ जुलै
अर्थशास्त्रज्ञाने पर्याय तपासावेत, म्हणून तपासले. एम.बी.ए. : दुकानदारी. बँकेच्या परीक्षा : वय उलटलं, नुकसान बँकेचं. क्लास काढणं : पोरं नापास होणार आणि आईबाप आपल्या दारात. इथेच पीएच.डी. : गाइडकडे जागा रिकामी होईपर्यंत डोक्यावर केस राहत नाहीत. रबाळे : नटबोल्टची कोटेशनं. यावर विचार करण्यासारखं काही नाही.

पाचचा गजर जयमालाने बंद केला. उठायचं नसेल तर लावू नका म्हणाली.

२८ जुलै
कृष्णात आला होता. आमच्याच कॉलेजात, माझ्यासारखाच तासांवर. कागलकडचा, सानपाड्याला तिघांत एक खोली. उंबऱ्यातच घुटमळत म्हणाला, सर, तुमच्यासंगं मी बी फॉर्म भरून बघू काय? हसू दाबलं. याचं इंग्रजी सुरू झालं की पोरं बाकाखाली तोंड लपवतात. पण नाउमेद करणं माझ्या स्वभावात नाही. माझं गणिताचं जाडं पुस्तक देऊन टाकलं. मला काय करायचंय? अर्थशास्त्र म्हणजे शेवटी माणसं.

१५ ऑगस्ट
कॉलेजला सुट्टी. दिवसभर अर्जासोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज. पहिलं वाक्य झालं : लहानपणापासून मला टंचाई या विषयाचं आकर्षण आहे. जयमाला म्हणाली, तरीच रॉकेलच्या रांगेला नेहमी मला पाठवता. तिला विनोद करायची हौस आहे. दुसरं वाक्य सुचेपर्यंत चहाची वेळ झाली.

८ सप्टेंबर
शिफारसपत्रासाठी खानापूरकर सरांकडे गेलो. एम.ए.ला शिकवायला होते. आता रिटायर, नेरूळला असतात, वय बहात्तर. ओळखलं नाही असं मला आधी वाटलं, पण नंतर त्यांनी सुधीर असं नावाने हाक मारली. मी नाव सांगितलं होतंच. म्हणाले, तूच लिहून आण रे, मी सही ठोकतो. सगळे असंच करतात.

एका अर्थी बरंच झालं. मला माझ्याइतकं कोण ओळखतं?

२२ सप्टेंबर
पत्र पूर्ण. अकरा वेळा फाडलं. त्यात लिहिलंय : हा उमेदवार बोलतो कमी. अडलेलं गणित सुटल्याशिवाय जागचा उठत नाही. चूक दाखवली की रागावत नाही, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणतो. आपल्या हुशारीचा त्याला पत्ता नाही.

वाचून खरंच गहिवरून आलं. पाच वर्षांत माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललेलं नाही.

जयमालाने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टाइप करून आणलं. हे कोणाबद्दल आहे, असं विचारत होती. नावाची जागा मी कोरी ठेवायला सांगितली होती, म्हणून तिचा गोंधळ झाला असणार. आपल्या स्तुतीत आपणच नाव घालायचं म्हणजे थोडं ओशाळवाणंच, सर घालतील.

२९ सप्टेंबर
पत्र सरांकडे पोचवलं. ठेव तिथे, वाचून सही करतो म्हणाले. माझ्याबद्दल वाचायची त्यांना उत्सुकता दिसली.

१२ ऑक्टोबर, शनिवार
अमेरिकेच्या प्रवेशासाठीची जी.आर.ई. परीक्षा दिली. शब्दांचा भाग उत्तम. गणितात त्यांनी मुद्दाम घोळ घातलेत. माझ्या पुढच्या रांगेत कृष्णात होता. वेळेच्या आधी पेन्सिल खाली ठेवून बसला. वाईट वाटलं बिचाऱ्याचं.

३० नोव्हेंबर
निकाल. गणितात ८०० पैकी ४७०. निकालाचा कागद तसाच पाकिटात घातला. कृष्णातला गणितात ८००, शब्दांत ३३०. म्हणाला, इंग्रजीनं घात केला सर, आता काय करू? मी त्याला सांगितलं, यंत्राला गणित येतंच, माणसाला भाषा लागते. बरोबर हाय सर, म्हणाला. चूक दाखवली की रागावत नाही, हा त्याचा एक गुण आहे.

१५ डिसेंबर
फेरविचार. घाई करणाऱ्यांना दुय्यम युनिव्हर्सिटी मिळते. पुढच्या ऑक्टोबरात परत परीक्षा देऊन थेट नामांकित ठिकाणीच अर्ज करीन. जयमालाला योग्य वेळी सांगू.

कृष्णातला शिफारशीला कोणी मिळेना. मीच खानापूरकर सरांकडे पाठवला. माझं नाव सांग म्हटलं. आपल्याला नाही तर नाही, दुसऱ्याचं तरी भलं व्हावं.

१५ जानेवारी १९९७
अर्जांची शेवटची तारीख गेली. फार मोकळं वाटलं. आता शांतपणे तयारी करता येईल.

२ मार्च
मी अर्जच केला नाही, हे जयमालाला कळलं. ओरडली असती तर परवडलं असतं. टेबलाशी बसली आणि म्हणाली, सकाळी मी साडेसहाला निघते तेव्हा तुम्ही झोपलेले असता, आणि संध्याकाळी येते तेव्हा जग कसं नालायक आहे ते सांगता. मला ऐकायचा कंटाळा आलाय. आत जाऊन कुकर लावला.

तिचंही बरोबर असेल. दिवसभर कामाने थकते.

१३ एप्रिल, रविवार
कृष्णात पेढे घेऊन आला. ॲडमिशन झाली. अमेरिकेत, पूर्ण स्कॉलरशिप. जयमालाच्याही पाया पडला. म्हणाला, माझं इंग्रजी बघून कुणी दारात उभं केलं नसतं वैनी, खानापूरकर सरांच्या पत्रानं काम झालं. खिशातून झेरॉक्स काढून दाखवली.

बोलतो कमी. अडलेलं गणित सुटल्याशिवाय जागचा उठत नाही. सगळं तसंच, शेवटच्या ओळीपर्यंत. कोऱ्या जागी कृष्णातचं नाव.

जयमालानेही वाचलं. तिनेच टाइप केलेलं. माझ्याकडे बघितलं आणि पाणी आणायला गेली. मी छान म्हणालो. दोन पेढे खाल्ले. चोर, सर आणि कृष्णात दोघेही.

२० एप्रिल, रविवार. दुपारी ३
सरांना जाब विचारायला गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली होती.

तोंड उघडायच्या आधी सरांनीच माझा हात धरला. म्हणाले, त्या मुलाबद्दल किती बारकाईने लिहिलं होतंस. तू नाव घालायचं विसरलास, पण तो आला, समोर बसला, अर्ध्या तासात कळलं, हेच ते. एक शब्द बदलावा लागला नाही. बरोबरीच्या माणसाचं इतकं मनापासून लिहिणारा मला आयुष्यात भेटला नाही. सरांचे डोळे भरले होते. पाच वर्षांनी कोणीतरी माझं कौतुक करत होतं.

मी म्हटलं, हो सर, त्याच्याबद्दलच लिहिलं होतं.

मग चहा झाला. सरांनी विचारलं, तुलाही पत्र हवं होतं ना, ते कधी आणतोस? मी सांगितलं, आता नको, रबाळ्याला पर्चेसमध्ये लागतोय. सर म्हणाले, फार छान, तुझ्यासारख्याला तेच बरं.

घरी येऊन दिलीपला फोन केला. उद्या आठला हजर व्हायचंय. जयमालाने विचारलं, डब्यात काय देऊ. मी म्हटलं, काहीही चालेल.