विलासची कॅसेट

जळगाव, ४ डिसेंबर १९९४

काल धुळ्यात आमच्या बँडची पहिली कॅसेट निघाली. गाणी सगळी विलासची, पण रेकॉर्डिंगनंतर महिन्याभरातच त्याने जीव दिला. आज सावद्याला जाऊन त्याच्या आईला, अक्कांना, ती ऐकवली. शेवटच्या गाण्यात त्याचा आवाज फाटतो. स्टुडिओत मीच म्हणालो होतो, "राहू दे, भारी वाटतंय." भारी! अक्कांनी नेमकं तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "पोरगं येवढं रडत गात होतं, तं कोनी त्याले इचारलं नही का रे, काय झालं म्हनून?"

आम्ही फक्त सूर लागतोय का, एवढंच ऐकत होतो. तो फाटलेला आवाज ऐकूनही... का नाही विचारलं मी?

"विचारलं होतं, अक्का." खोटं बोललो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.