वरचा उतरेपर्यंत

२४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. त्किबुलीहून, आमच्या खाणीच्या गावाहून, निघताना मन खात होतं की या वयात लेकीच्या सासरी राहायला जायचं म्हणजे लाजच. पण इथं आल्या आल्या विहीणबाईंनी लाजायला उसंतच दिली नाही. मिनादोरा त्यांचं नाव. माझ्याच वयाच्या, पण जीभ विशीतली. जिना चढताना मला धाप लागली, तर म्हणाल्या, व्याही, कोळशाच्या खाणीत जन्म काढलात म्हणे, मग एवढे गोरे कसे? खाली उतरलातच नाही वाटतं! मी सांगितलं, खरंच नाही उतरलो, मी वर घंटेवर होतो. खालून दोरीला हिसका आला की घंटा द्यायची. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ. त्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे जन्मभर ओढायचं दुसऱ्यानं आणि आवाज करायचा तुम्ही! सगळे हसले. मीही हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हसलो असेन.

माझ्या लेकीला, नानुलीला, सातवा महिना आहे. चेहरा भरलाय तिचा. जावई ओतिया कमी बोलतो, पण माझी पेटी त्यानंच वर नेली. शेकोटीशेजारची खोली मला दिली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो, पत्र्यासारखा करडा. फटीतून वारा येतो, उद्या चिंध्या कोंबायला हव्यात. ही वही नानुलीनं दिली, गोळी घेतली की लिहून ठेवायला. गोळी घेतली. की सकाळचीच आठवतेय? घेतली.

२७ नोव्हेंबर

आजपासून मीही कामाला लागलो. इथली गुलाबी द्राक्षं एक-दोनदा हिव पडल्याशिवाय तोडत नाहीत, म्हणून ऐन थंडीत ही गडबड. वेल चढलेत उंच उंच झाडांवर, तुतीवर आणि अक्रोडावर. ओतिया शिडीनं वर जातो, फांदीवर बसून तोडतो आणि दोरीनं टोपली खाली सोडतो. टोपली लांब आणि निमुळती, फांद्यांत अडकू नये म्हणून. खाली मी. टोपली आली की खोक्यात रिकामी करायची, दोरीला दोन हिसके द्यायचे, ती वर जाते. मला शिकवायला लागलंच नाही. माझा हात आपोआप चालतो.

ओतियानं नियम सांगितले. वरचा उतरेपर्यंत खालच्यानं झाड सोडायचं नाही, घर पेटलं तरी. काम संपलं की आधी टोपलीतून कोयता खाली येतो, मग माणूस. तेव्हा खालच्यानं दोन्ही हातांनी शिडी धरायची. आणि पुढच्या झाडाला अदलाबदल, म्हणजे खालचा वर आणि वरचा खाली. बाबा, तुम्हाला सूट, असं म्हणून हसला. स्वयंपाकघरातून विहीणबाई ओरडल्या की व्याह्यांना वर चढवू नका रे, उतरवायला पाद्री लागेल!

बोटं सुन्न झाली होती. मक्याच्या गरम भाकरीनं जरा बरी झाली.

१ डिसेंबर

ओतिया दोन दिवस होडीवर गेला. थंडीत समुद्रात बारीक मासळीचे थवे येतात, तेव्हा द्राक्षं थांबतात. विहीणबाईंनी अंगणात भट्टी लावली आहे, द्राक्षांच्या चोथ्याची दारू गाळतात. मला चाखायला दिली आणि म्हणाल्या, घ्या, घंटा वाजेल. वाजली.

भिंतीवर काळी फीत लावलेला फोटो आहे. तो दोमेंती, ओतियाचा मोठा भाऊ. मागच्या डिसेंबरात कुंपणाजवळच्या अक्रोडावरून पडून गेला. नानुलीनं तेव्हा फोनवर सांगितलं होतं, पण बायको अंथरुणाला होती, मी नीट ऐकलं नसेन. त्या झाडाला तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. शिडी तशीच, दोरी तशीच, टोपलीसुद्धा. मेलेल्याचं अर्धं राहिलेलं काम वर्षाच्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं म्हणतात. वेल मात्र यंदाही लगडलाय.

वर्षाचा दिवस वीस तारखेला. ओतिया म्हणतो, त्या दिवशी मी स्वतः त्या झाडावर चढणार, भावाचं काम पुरं करणार, त्याच द्राक्षांचा रस त्याच्या पानावर ठेवणार. नानुली रडते. पोटातलं पोर बापाविना ठेवायचंय का, असं विचारते. तो ऐकत नाही. शिडी वर्षभर पावसात भिजलेली आहे. मला आता झोप कशी लागायची? मी म्हातारा त्याला काय सांगणार!

४ डिसेंबर

आज धुकं. समुद्राकडून आलं ते पांढरं, दाट, कापूस कोंबल्यासारखं. ओतिया उताराच्या तुतीवर होता. तो चहा प्यायला खाली उतरला म्हणून मीही घरी गेलो. तो आधी निघाला, मी गोळी शोधत मागं राहिलो. रिकामी खोकी घेऊन परत येताना झाडं दिसेनात. एका झाडाखाली दोरी लोंबत होती, तिथं बसलो. लगेच टोपली आली. मी रिकामी केली, दोन हिसके दिले. वर गेली. परत आली. दुपारभर तसंच चाललं. मी वर बघून एकदा म्हटलं, जावई, जरा हळू, माझं वय बघा. उत्तर आलं नाही. तो कमीच बोलतो.

मग ओतियाची हाक आली, उलट्या बाजूनं. बाबा, कुठं गेलात, मी कधीचा वर एकटा बसलोय!

मी उठून कुंपणाला धडकलो, तेव्हा कळलं की मी अक्रोडाखाली होतो.

कुणाला काही सांगितलं नाही. भरलेली खोकी ढकलत नेऊन बाकीच्यांत मिसळली. धुक्यानं माणसाला काहीही भासतं. पण खोकी भरली कशी?

५ डिसेंबर

विहीणबाईंनी नवा रस चाखला आणि पेला खाली ठेवला. मला बाजूला घेऊन विचारलं, अक्रोडाची द्राक्षं यात कशी आली? त्या वेलाची चव त्यांना अंधारातही ओळखू येते म्हणाल्या. मी सांगून टाकलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. भट्टीतली लाकडं विनाकारण हलवत बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. मागच्या वर्षी खाली ओतिया होता. असंच धुकं होतं. कोल्हा कोंबड्यांत शिरला म्हणून त्यांनीच ओतियाला हाक मारली, आणि तो झाड सोडून धावला. परत आला तेव्हा दोमेंती खाली पडलेला. टोपली मात्र वरच अडकलेली, भरलेली. म्हणजे वरचा उतरलाच नाही, व्याही, असं म्हणाल्या. तो अजून तोडतोय. खाली कुणी नव्हतं म्हणून थांबला होता. तुम्ही हिसके दिलेत.

८ डिसेंबर

ओतिया होडीवर. मी सकाळी बघून आलो. अक्रोडाच्या शेंड्याकडचा वेल साफ झालाय, खाली अजून भरपूर आहे. तो वरून खाली तोडत येतोय.

मी विचार केला. मला विचार करायला वेळ लागतो, सहावीतच शाळा सुटली माझी. पण हिशेब सरळ आहे. वीस तारखेच्या आत झाड रिकामं झालं तर ओतियाला चढायचं कारण उरत नाही. आणि वीसला तो चढला, तर वर त्याला कोण भेटेल? म्हणून मी बसणार. विहीणबाईंनी अडवलं नाही. त्या स्वतः बसायला निघाल्या होत्या, मी नको म्हटलं. अदलाबदल जो खाली असेल त्याच्याशी होते. हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. दोघंही बोललो नाही.

डब्यात त्यांनी दोन भाकऱ्या बांधल्या. एक मी फडक्यात गुंडाळून टोपलीतून वर पाठवली. फडकं घडी घालून परत आलं.

भीती वाटली का? वाटायला हवी होती. हात मनगटापर्यंत सुन्न होते, तसंच काहीसं आत.

११ डिसेंबर

धुकं आता रोज येतं, त्याच झाडापाशी. बाकी बागेत ऊन असतं.

शेकोटीजवळ बसलो होतो. नानुली किंचाळली. माझा हात जळत्या लाकडावर होता. कातडी करपली, मला वास आला, दुखलं नाही. तिनं मलम लावलं, रागावली, डॉक्टरकडे नेते म्हणाली. मी म्हटलं, वीस तारखेनंतर. आमटीत मीठ आहे की नाही हेही कळत नाही. गोळी घेतली.

ओतियानं अक्रोडाकडे पाहिलं आणि विचारलं, बाबा, तिथं कोण तोडतंय? मी म्हटलं, पक्षी. तो म्हणाला, पक्षी खोकी भरत नाहीत.

१४ डिसेंबर

नानुलीनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला. बघा बाबा, लाथ मारतोय. फ्रॉकचं कापड हललेलं दिसलं. हाताला काहीच नाही. मी हसलो आणि म्हटलं, जोरात मारतो गं, आजोबावर गेलाय.

ती इतकी खूश झाली.

रात्रीपर्यंत दुसऱ्या हातानं तो हात धरून बसलो. दोन्ही हात कुणा दुसऱ्याचे वाटले.

१६ डिसेंबर

दोरी जमिनीवर साठत चालली आहे. आधी जेमतेम पुरायची, आता माझ्या पायाशी वेटोळं पडतं. तो इतका खाली आलाय. टोपली सोडणारा हात दिसला. नखं द्राक्षांनी काळी. फांदी हलत नाही. पानं गळून गेलीत, तरी पानांचा आवाज येतो.

दोन भाकऱ्या. फडकं.

विहीणबाई कुंपणापर्यंत आल्या. विचारलं, पोरगा बारीक झालाय का? मी म्हटलं, हात बरा दिसतो. त्या परत गेल्या. आता विनोद करत नाहीत.

१८ डिसेंबर

ओतियानं नवी दोरी आणली. परवा सकाळी चढणार म्हणाला. मी म्हटलं, झाड रिकामं होत आलंय, काय उपयोग? तो म्हणाला, बाबा, मी एकदा ते झाड सोडून पळालोय, दुसऱ्यांदा नाही. डोळे लाल.

त्याआधी उद्या तो शेवटचा होडीवर. दुपारी परत.

उद्या संपायला हवं. एकच फांदी आहे.

पाय गुडघ्यापर्यंत—जोडे घातलेत की नाही ते बघावं लागतं.

१९ डिसेंबर

सकाळपासून खाली बसलोय. वही गुडघ्यावर. पेन्सिल बोटांत आहे, दिसते म्हणून कळतं.

दोन टोपल्या. मग बराच वेळ काही नाही.

आता टोपली आली. द्राक्षं नाहीत. कोयता.

म्हणजे संपलं. आता माणूस.

तिकडून ओतियाची हाक. लवकर परतला. मला शोधतोय—बाबा, बाबा. नानुलीही हाक मारते. घर पेटलं तरी सोडायचं नाही. तो इथं पोचायच्या आत व्हायला हवं. तो खाली उभा राहिला तर अदलाबदल त्याच्याशी—

विहीणबाई, त्याला दारात अडवा. कोल्हा आलाय म्हणा. काहीही म्हणा. नानुलीला सांगा, लाथ लागली होती मला. खरंच लागली होती.

शिडी वाजली.

एक बूट. नाडी सुटलेली. दुसरा.

उतरतोय. हळू. शिडी कुजलीय, डगमगतेय. या खेपेला कुणीतरी धरायला—

भीती नाही. थंडीही नाही. पुढचं झाड कुठलं ते त्यानंच—

हाक जवळ आली. शिडीला दोन्ही हात लागतात. पेन्सिल खाली ठे