गाडीत राहिलेली कोयती

डिचोली,
६ जानेवारी

प्रिय रुद्रेश,

परवाच्या रविवारच्या पुरवणीतला तुझा लेख वाचला. दोनदा वाचला. डोंगरवाटेवर जाणाऱ्याने जवळ शस्त्र बाळगावं की नाही, यावर तू छान लिहिलं आहेस. ‘शस्त्र घेतलं की भीतीही पाठपिशवीत भरली जाते’ हे वाक्य तू मला फार पूर्वी ऐकवलं होतंस, आपण सुर्ल्याच्या बंद खाणीच्या कडेने फिरायचो तेव्हा. मी ते घरी येऊन वहीत लिहून ठेवलं होतं. प्रेमात पडलेली माणसं काय काय लिहून ठेवतात.

आपल्या मंडळाच्या गुरुदासचा फोन आला होता. येत्या रविवारी, अकरा तारखेला, पणजीत सगळ्या भटक्या मंडळांची बैठक आहे, तिथे शस्त्रबंदीचा नियम करायचा आहे आणि मुख्य भाषण तुझं आहे, असं म्हणाला. “त्या दिवशी तू तिथे होतीस, तेव्हा तुझं मत चार ओळींत लिहून दे,” असंही मला म्हणाला. मी हो म्हटलं. पण लिहायला बसले तर ते तुलाच उद्देशून लिहिलं जाऊ लागलं. आपण दोन वर्षांत एक शब्द बोललो नाही. मी साखरपुडा मोडला, कारण दिलं नाही आणि तू विचारलं नाहीस. तू विचारलं नाहीस याचा अर्थ तुला कारण माहीत होतं, असा मी घेतला.

आधी इकडचं सांगते. बाबा बरे आहेत. खाणीवरचा ट्रक सुटल्यावर त्यांना काय करावं कळत नव्हतं, आता काजूच्या बागेत रमलेत. गुडघा धरतो, तरी सकाळी कमरेला आकडी बांधून, आकडीत कोयती अडकवून निघतातच. वर्षाचं शिवणाचं दुकान बाजारात होतं तिथेच आहे. कापायचं काम आता हाताखालची सुमन करते, कारण वर्षाला कात्री धरता येत नाही. उजव्या हाताची मधली दोन बोटं वळत नाहीत. दोन शस्त्रक्रिया झाल्या, वर्षभर व्यायाम झाला, शेवटी डॉक्टर म्हणाले एवढंच. सुईत दोरा ओवायला ती आलेल्या गिऱ्हाइकाला सांगते आणि हसते. मी दर शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे जाऊन तिच्या सगळ्या सुया ओवून ठेवते. ती म्हणते, मैत्रीण असावी तर अशी, तू माझं किती करतेस गे. मी खाली मान घालून पुढची सुई घेते.

आता तो दिवस. तुझ्या लेखात तो ‘एक दुर्दैवी प्रसंग’ म्हणून दीड ओळीत आला आहे. आपण अकरा जण होतो. हरमलला गाड्या लावल्या तेव्हा सात वाजले असतील, पोदेराची सायकल वाजत होती आणि आपण त्याच्याकडून गरम पाव घेतले. किनाऱ्याने तळ्यापर्यंत, मग रान चढून वरच्या खडकाळ सपाटीवर, सड्यावर, आणि पलीकडे केरीला उतरायचं, असा बेत होता. त्या महिन्यात त्या वाटेवर कुणाकुणाच्या पिशव्या हिसकावल्याचं कानावर आलं होतं, म्हणून बाबांनी मला त्यांची धाकटी कोयती दिली होती. मी ती पिशवीत घालत होते, ते तू पाहिलंस. सगळ्यांसमोर म्हणालास, “योगिता, आपण डोंगर बघायला चाललोय, झूज खेळायला नाही.” सगळे हसले. मीही हसले. वर्षा सर्वांत मोठ्याने हसली. कोयती तुझ्या गाडीत मागच्या सीटखाली राहिली.

तळ्याकडे आम्ही दोघी फोटो काढत मागे रेंगाळलो. तू पुढे होतास. तिथे एका माणसाने तुझ्याकडे काडेपेटी मागितली. तू त्याला काडेपेटी नाही म्हणून केळं दिलंस, पाच मिनिटं त्याच्याशी बोललास. वर चढताना तू मला हे सांगितलंस. साधा माणूस आहे, केरीची वाट विचारत होता, म्हणालास. बाकीचे आठ जण तोवर सड्यावर पोचले होते. वर्षाच्या बुटात खडा गेला म्हणून ती खाली बसली आणि मी वीसेक पावलं पुढे जाऊन थांबले. एवढ्यात ती ओरडली. तोंडाला फडकं बांधलेला माणूस तिच्या मागे उभा होता, हातात सुरा. अगदी हळू आवाजात, समजूत घातल्यासारखा तो म्हणत होता, “बोब मारू नाका.” ओरडू नका. तिच्या मंगळसूत्रात त्याची बोटं अडकली होती आणि तिने आपल्या उजव्या हाताने ते धरून ठेवलं होतं. मी पाण्याची बाटली फेकून मारली, ती लागलीही नाही. मग त्याने सुरा ओढला. मी पोचले तेव्हा तो झाडीत शिरला होता आणि वर्षा आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होती. तू त्या वेळी पुढे होतास, सड्याच्या अलीकडच्या वळणावर. पोलिसांच्या कागदात तसंच आहे.

तपास झाला, संशयित आणले, सोडले. वर्षाला चेहरा दिसला नव्हता, मला फडकं दिसलं होतं. सहा महिन्यांनी सगळं थंड झालं. माझ्यात मात्र थंड झालं नाही. मी बाबांकडे पुन्हा कोयती मागितली. त्यांनी लगेच दिली नाही. मला बागेत नेलं, म्हणाले, “दाखवायला घेतेस की मारायला? दाखवायला घेतेस तर नको घेऊ. हात जरा थांबला की ती समोरच्याच्या हातात जाते.” मी म्हटलं, मारायला. मग त्यांनी मूठ कशी धरायची ते दाखवलं आणि पाठ फिरवून कामाला लागले.

त्यानंतर मी दर रविवारी एकटी ती वाट चालले. डिचोलीहून स्कूटरने हरमल, तिथून तळं, रान, सडा, केरी आणि परत. शाळेत बरोबरच्या शिक्षकांना सांगायचे, व्यायाम. उन्हाळ्यात वाट तापायची, पावसात जळवा चढायच्या, मी चालतच होते. रुद्रेश, मी काही धैर्य गोळा करत नव्हते. मी त्याला शोधत होते. वाटेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालायची, त्याचा हात कुठे पडेल आणि मी कुठे मारेन. उजवा हात, मधली दोन बोटं. हे असलं ठरवताना मला बरं वाटायचं, झोप लागायची.

गेल्या नोव्हेंबरात तो भेटला. रानाच्या तोंडाशी एक माणूस खांद्यावर पावांची पिशवी घेऊन पुढे चालला होता आणि त्याच्यावर दोन कुत्रे भुंकत होते. तो त्यांना म्हणाला, “बोब मारू नाका.” तोच हळू आवाज, तीच समजूत. मी कोयती काढली आणि त्याच्यासमोर गेले. विचारलं, मला ओळखतोस? त्याने पिशवी टाकली आणि दोन्ही हात वर केले. “हांव न्हय गे बाय,” म्हणाला. मी नव्हे. मी अजून काही विचारलंही नव्हतं. मग मी मारलं. कोयतीच्या पाठीने, त्याच्या उजव्या मनगटावर. हाड वाजलं. तो खाली बसला आणि रडू लागला, आणि मला किती आनंद झाला ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मी कोयतीची धार फिरवून घेतली. दुसरा घाव पाठीने घालायचा नव्हता.

तेवढ्यात वरून एक कुटुंब उतरलं. कुठून तरी लांबून फिरायला आलेले, बाहेरचे लोक. पोट सुटलेला, चष्मा लावलेला माणूस, त्याची बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. त्यांना काय दिसलं असेल ते तूच बघ. खाली बसून रडणारा माणूस आणि त्याच्यावर कोयती धरलेली बाई. मुलगी किंचाळली. त्या माणसाने तिला आणि बायकोला मागे ढकललं आणि तो पुढे आला. त्याच्याकडे काही नव्हतं. पायाजवळचा एक दगड त्याने उचलला, तोही हातात नीट बसेना. “बहनजी, छोड़ दीजिए उसको,” म्हणाला. त्याचे गुडघे कापत होते, मला स्पष्ट दिसत होतं. पण तो हलला नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं तरी हलला नाही. मला त्याच्या बायकोचा हेवा वाटला.

मी कोयती खाली केली. तो पाववाला तेवढ्यात उठला आणि मनगट पोटाशी धरून पळाला. मी त्या गृहस्थाची माफी मागितली, मुलीचीही. ती आईच्या ओढणीतून बाहेर येईना. मग खाली जाऊन चौकशी केली. तो किनाऱ्यावरच्या एका शॅकवर, खाण्यापिण्याच्या झोपडीवर, सामान वाहायचं काम करायचा. नाव मिळालं. नाव इथे लिहीत नाही, तुला आधीच सुचवलं असं उद्या कुणी म्हणायला नको. मी तशीच पेडण्याला पोलिसांकडे गेले. तिथल्या उपनिरीक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्याला बोलावून विचारलं. तो कबूल झाला नाही. बाई म्हणाल्या, आवाजावर काही टिकणार नाही, त्या दिवशी फडक्याशिवायचा चेहरा पाहिलेलं कुणी हवं. मी घरी आले आणि सहा आठवडे गप्प बसले.

तर गुरुदासला काय मत द्यायचं? कोयती गाडीत राहिली नसती तर वर्षाचा हात वाचला असता का, ते मला माहीत नाही. पिशवीतून काढेपर्यंत सुरा फिरलाच असता कदाचित. माझ्या हातात ती आली तेव्हा मी हात वर केलेल्या माणसाला मारलं आणि पुन्हा मारणार होते, हे मात्र मला माहीत आहे. तुझ्या लेखात लिहिलंय ते खरं आहे, रुद्रेश. फक्त ते तू लिहायला नको होतंस. दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की त्या वाटेवर आपल्याकडे शस्त्र नव्हतं म्हणून असं झालं. त्या कापऱ्या गुडघ्यांच्या माणसाने ते माझ्याकडून काढून घेतलं. आपण तिघे होतो, सुरेवाला एकटा होता.

तू पुढे नव्हतास. तू माझ्याशेजारी उभा होतास. वर्षा ओरडली तेव्हा आपण दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं, त्याचा हिरवा सदरा पाहून तू म्हणालास, “अगे, हा तर तळ्याकडचा,” आणि वाट सोडून झाडीच्या उतारावरून हरमलच्या दिशेने धावत सुटलास. वर्षाने तुला पाहिलं नाही; तू चाळीस मिनिटांनी माणसं घेऊन आलास. इस्पितळाच्या व्हरांड्यात तू माझे दोन्ही हात धरून म्हणालास, मी पुढे होतो म्हणून सांग, मे महिन्यात आपलं लग्न आहे, मंडळाला मान्यता मिळायची आहे, लोक काय म्हणतील. आणि मी तसं सांगितलं. सही केली. त्याचा चेहरा पाहिलेला एकच माणूस होता आणि त्याला मी तिथून पुसून टाकलं. काल वर्षाला हे सगळं सांगितलं. तिने शिलाई थांबवली आणि विचारलं, “आता सांगतेस?” मग म्हणाली, “उद्या मी येते तुझ्याबरोबर. पण वाटेत माझ्याशी बोलू नको.” आज सकाळी आम्ही दोघी पेडण्याला गेलो, बसमध्ये शेजारी बसून, न बोलता. मी आधीचा जबाब खोटा होता असं लिहून दिलं, मनगटावर मारल्याचंही लिहून दिलं. त्याचं जे होईल ते माझ्यावर येईल, बाईंनी तशी कल्पना दिली, मी सही केली. त्या पाववाल्याला आज संध्याकाळपर्यंत आणतील. उद्या सकाळी तुझ्या घरी समन्स येईल, शुक्रवारी ओळख परेड आहे, रांगेसमोर तुला उभं करतील. तू त्याला ओळखलंस तर वर्षाला न्याय मिळेल आणि तू तिथे होतास हे सगळ्यांना कळेल. ओळखलं नाहीस तरी तू तिथे होतास हे कागदावर आहेच, आणि रविवारी पणजीत पहिल्या रांगेत मी आणि वर्षा बसलेल्या असू. तुला आधी फोन करावा, असं एकदा मनात आलं होतं. नाही केला. तुझ्याकडे चांगली वाक्यं पटकन तयार होतात. म्हणून हे पत्र साध्या टपालाने टाकते आहे, ते गुरुवारच्या आत पोचायचं नाही. तू हे वाचत असशील तेव्हा पोलीस येऊन गेलेले असतील.

तुझीच साक्षीदार,
योगिता